बेळगावचा कासार आणि मराठीची पहिली कादंबरी

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाते : ‘यमुनापर्यटन’, १८५७. ती लिहिणारे बाबा पदमनजी आपल्याच सीमाभागातले, बेळगावचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर आणि बेळगाव एकाच दिवशी म्हैसूर राज्यात गेले; आपला जिल्हा हैदराबाद राज्याच्या वाटणीतून, बेळगाव मुंबई राज्यातून. भाषा विशेषांकात या माणसाची आठवण काढायची ती त्यासाठी.

बाबांचा जन्म १८३१ चा, कासार घराण्यातला. घरी देवधर्म कडक. लहानपणी बाबाही पूजाअर्चा, पुराणश्रवण यांत रमणारे. पुढे बेळगावच्या मिशन शाळेत आणि मग मुंबईला शिक्षण झाले. मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत ते सामील झाले. ही सभा गुप्तपणे भरत असे. बाबांना मात्र मनात एक आणि चारचौघांत दुसरे, हे फार दिवस पेलणारे नव्हते. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जन्मगावी, ओळखीच्या लोकांदेखत असे पाऊल टाकायचे म्हणजे काय, हे लहान गावात राहणाऱ्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा प्रवास सांगितला आहे, आणि ते पुस्तक आजही हातातून खाली ठेववत नाही.

विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ आले. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरच्यांच्या छळाला विटलेली. मग विनायक मरतो आणि यमुना स्वतःच त्या रांगेत जाऊन उभी राहते. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते.

धार्मिक कादंबरी म्हणून हिचे परीक्षण करायचे तर खोट स्पष्ट आहे. शेवट लेखकाने आधीच ठरवून टाकलेला. पात्रे मध्येच थांबून उपदेश करू लागतात. पण एवढ्यावरून तिला प्रचारपुस्तिका ठरवून बाजूला सारणारे टीकाकार मधली पाने नीट वाचत नाहीत, असे आमचे मत आहे. त्या बायकांचे बोलणे घरातले आहे, माजघरातले आहे. त्याआधी १८४१ साली हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ मराठीत आणले होते, पण ते बनियनच्या इंग्रजी ग्रंथाचे भाषांतर. बाबांनी इथल्या घरातले दुःख घेतले. आणि धर्मप्रचाराचा हेतू हाच दोष मानायचा, तर १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे काय करायचे? त्या ओव्या तर आपण कौतुकाने शिकवतो.

बाबांनी पुढे शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके लिहिली. त्यांपैकी पुष्कळशी भक्तिपर आणि मतखंडनाची. आजच्या वाचकाला ती जड जातील हे खरेच. मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप मात्र १८६३ सालापासून आजतागायत अभ्यासकांच्या उपयोगी पडतो आहे. मोठा कोश विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्या विद्यार्थ्यांची त्यामुळे केवढी सोय झाली असेल! स्त्रीशिक्षणावर तर त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच निबंध लिहिला होता, म्हणजे तो जिव्हाळा मिशनऱ्यांकडून उसना घेतलेला नव्हता. पुण्याला काही वर्षे त्यांनी पाळक म्हणून काम केले. नंतरचे आयुष्य बहुतेक लेखन-संपादनात गेले.

धर्म बदलला, पण लिहिण्याची भाषा त्यांनी बदलली नाही. बायबलचा आशय सांगतानाही शब्द बेळगाव-मुंबईच्या मराठी घरातलेच राहिले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले, तेव्हा ‘यमुनापर्यटना’ला एकोणपन्नास वर्षे झाली होती आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधली यमू घरोघर पोचली होती. तीही विधवाच, आणि नावही तेच.