स्वतःचे शब्द

विद्यार्थी मित्रांनो, मिर्झा गालिब हे नाव तुम्हांला नवीन नाही. त्यांचे शेर तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असतील. पण या थोर कवीने तरुणपणी लिहिलेले शेकडो शेर स्वतःच बाजूला काढून टाकले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांनी असे का केले, ते आज आपण पाहू.

गालिब यांचे मूळ नाव असदुल्ला खान. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना वडील लढाईत मारले गेले. चुलत्यांनी त्यांना सांभाळले, पण १८०६ साली तेही वारले. वयाच्या तेराव्या वर्षी असदुल्ला यांचे लग्न झाले. पुढे ते दिल्लीत राहू लागले.

कविता करण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. फारसी भाषेचे ज्ञानही चांगले होते. बेदिल हे थोर फारसी कवी त्यांना फार आवडत. आपणही तसेच लिहावे, असे त्यांना वाटे. मग ते अवघड फारसी शब्द एकापुढे एक जोडत. नाव उर्दू कवितेचे, पण ओळीत उर्दू शब्द शोधावे लागत! ऐकणारे गोंधळून जात. हकीम आगा जान ऐश नावाच्या कवीने तर मुशायऱ्यात शेर म्हणून त्यांना चिमटा काढला. तुमचे बोलणे तुम्हांलाच कळत असेल, असा त्याचा भाव होता.

अशा वेळी तुम्ही काय केले असते? रागावला असता, की लिहिणेच सोडले असते? गालिब मानी होते. लोक नावे ठेवतात म्हणून ते वाट बदलणारे नव्हते. पण फजले हक खैराबादी यांच्यासारखे विद्वान मित्र त्यांना प्रेमाने समजावत. हळूहळू गालिब स्वतःच आपल्या कवितेकडे परक्याच्या नजरेने पाहू लागले. यात माझे काय आणि उसने काय, हा प्रश्न त्यांनी मनाला विचारला.

उत्तर सोपे नव्हते. स्वतःच्या हाताने लिहिलेले खोडताना कोणाला दुःख होत नाही? पण गालिब यांनी मन घट्ट केले. १८४१ साली त्यांचा उर्दू दिवान छापला गेला, तेव्हा त्यात सुमारे ११०० शेरच होते. १८२१ साली तयार झालेली त्यांच्या कवितांची एक हस्तलिखित प्रत पुढे भोपाळला सापडली. तिच्यात त्यांनी गाळलेले कितीतरी शेर आहेत. त्यावरून त्यांनी किती कठोरपणे निवड केली, हे आपल्याला कळते. अवघड शेर पुढेही राहिले, कारण त्यांचे विचारच खोल होते. मात्र शब्दांचा उसना थाट कमी झाला.

पत्रांच्या बाबतीतही असेच घडले. त्या काळी पत्रे बहुधा फारसीत लिहीत. आरंभी लांबलचक पदव्या आणि मायने असत. १८५०च्या सुमारास गालिब उर्दूत पत्रे लिहू लागले. मित्र समोर बसला आहे आणि आपण गप्पा मारीत आहोत, अशी त्यांची भाषा असे. १८५७च्या उठावानंतर दिल्ली उजाड झाली. मित्र गेले, भाऊ गेला, पेन्शनही काही काळ बंद पडले. हे सारे दुःख त्यांनी साध्या बोलीत लिहिले, आणि मधूनच थट्टाही केली.

गंमत अशी की, ही पत्रे छापावीत असे शिष्यांनी सुचवले, तेव्हा ते आधी तयार नव्हते. सहज लिहिलेले कागद छापण्याजोगे नाहीत, असे त्यांना वाटे. पुढे त्यांनी संमती दिली. पहिला पत्रसंग्रह १८६८ साली निघाला. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आज तीच पत्रे उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात.

मित्रांनो, तुम्हीही निबंध लिहिता. गाइडमधील मोठमोठे शब्द वहीत उतरवण्याचा मोह तुम्हांला होत असेल. मोठ्यांचे वाचून शिकण्यात काही वाईट नाही. गालिबही तसेच शिकले. पण लिहून झाल्यावर आपले पान एकदा शांतपणे वाचा. जे उसने वाटेल, ते खोडा. मागे चारच ओळी उरल्या तरी हरकत नाही. त्या तुमच्या स्वतःच्या असतील.