विल्यम मिलर
विल्यम मिलर (१५ फेब्रुवारी, इ.स. १७८२ – २० डिसेंबर, इ.स. १८४९) हे अमेरिकेतील शेतकरी आणि बाप्टिस्ट उपदेशक होते. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकात आलेल्या २३०० या संख्येवरून येशू ख्रिस्ताचे पुनरागमन इ.स. १८४३ च्या सुमारास होईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीला मिलराइट चळवळ असे म्हणतात. २२ ऑक्टोबर, इ.स. १८४४ या दिवशी पुनरागमन होईल अशी अनुयायांची खात्री झाली होती. तो दिवस काहीही न घडता मावळला. ही घटना 'महानिराशा' या नावाने ओळखली जाते. मिलर यांच्याविषयी प्रचलित असलेल्या अनेक गोष्टी चुकीच्या आहेत. २२ ऑक्टोबर ही तारीख त्यांनीच शोधली, हा त्यांतील सर्वांत रुजलेला समज होय.

पूर्वायुष्य
मिलर यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला. सोळा भावंडांत ते थोरले होते. वडील अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक होते, तर आईचे वडील बाप्टिस्ट उपदेशक होते. इ.स. १७८६ मध्ये हे कुटुंब न्यू यॉर्क राज्यातील लो हॅम्पटन येथे शेतीसाठी स्थायिक झाले. मिलर यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. वाचनाचा नाद मात्र त्यांना लहानपणापासून होता.

इ.स. १८०३ मध्ये लूसी स्मिथ यांच्याशी विवाह झाल्यावर ते व्हरमाँटमधील पूल्टनी गावी राहू लागले. तेथील ग्रंथालयात व्हॉल्तेर, ह्यूम आणि टॉमस पेन यांचे लेखन वाचून त्यांनी घरचा धर्म सोडला आणि ते देववादी झाले. ईश्वराने सृष्टी निर्माण केली, परंतु तो मानवी व्यवहारात हस्तक्षेप करत नाही, असे देववाद्यांचे मत असे. याच काळात त्यांनी उपशेरीफ आणि जस्टिस ऑफ द पीस ही पदे सांभाळली.

इ.स. १८१२ च्या ब्रिटिश-अमेरिकन युद्धात मिलर कॅप्टन होते. ११ सप्टेंबर, इ.स. १८१४ रोजी प्लॅट्सबर्गच्या लढाईत एक तोफगोळा त्यांच्यापासून अवघ्या काही फुटांवर फुटला. आसपासचे सैनिक जखमी झाले, एक मरण पावला, मिलर यांना मात्र इजा झाली नाही. संख्येने मोठ्या असलेल्या ब्रिटिश फौजेला माघार घ्यावी लागल्याचाही त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. ईश्वर हस्तक्षेप करत नाही, हे मत त्यांना पूर्वीसारखे पटेना. युद्धानंतर ते लो हॅम्पटनला परतले आणि इ.स. १८१६ मध्ये पुन्हा बाप्टिस्ट मंडळीत सामील झाले.

बायबलचा अभ्यास
देववादी मित्रांनी बायबलमधील विसंगतींवरून त्यांना डिवचले. तेव्हा विसंगतीचे समाधान बायबलमधूनच शोधण्याचे मिलर यांनी ठरवले. टीकाग्रंथ बाजूला ठेवून केवळ बायबल आणि क्रूडन यांची शब्दसूची घेऊन ते उत्पत्तीपासून एकेक वचन वाचू लागले. एखाद्या शब्दाचा अर्थ लागेना की तो शब्द इतरत्र कोठे कोठे आला आहे ते पाहायचे, आणि अर्थ बसल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी त्यांची पद्धत होती. दोन वर्षांनी, इ.स. १८१८ मध्ये, सुमारे पंचवीस वर्षांत जगाचा सध्याचा क्रम संपेल या निर्णयाप्रत ते आले.

संख्यांचे गणित
मिलर यांच्या मांडणीचा पाया 'एक दिवस म्हणजे एक वर्ष' हा नियम आहे. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ या दोन ठिकाणी दिवसामागे वर्ष मोजल्याचा उल्लेख येतो. त्यावरून भाकितांतील सर्व दिवस वर्षे मानावेत, असे अनेक प्रॉटेस्टंट भाष्यकारांचे मत होते. हा नियम मिलर यांचा नव्हे. त्यांच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये जोसेफ मीड आणि आयझॅक न्यूटन यांनी तो वापरला होता.

दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळींनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे सांगितले आहे. मिलर यांनी २३०० वर्षे धरली आणि पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे येणे, असा अर्थ लावला. आरंभबिंदूसाठी त्यांनी नवव्या अध्यायातील सत्तर सप्तकांचा आधार घेतला. सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे. यरुशलेमच्या पुनर्बांधणीच्या आज्ञेपासून ती सुरू होतात. ही आज्ञा इराणचा राजा अर्तहशश्त याने आपल्या सातव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४५७ मध्ये दिली असे त्यांनी धरले. ४९० मधून ४५७ वजा केल्यास ३३ उरतात. हे ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे वर्ष मानले जात असल्याने आरंभबिंदू बरोबर असल्याची त्यांची खात्री पटली. त्याच रीतीने २३०० मधून ४५७ वजा करून १८४३ हे वर्ष आले.

या एकाच वजाबाकीवर ते थांबले नाहीत. लेवीय २६ मधील 'सात पट' म्हणजे सात काळ, प्रत्येकी ३६० वर्षांचे, एकूण २५२० वर्षे. ती इ.स.पू. ६७७ पासून मोजली की पुन्हा १८४३ येते. दानीएल १२ मधील १३३५ वर्षे इ.स. ५०८ पासून मोजल्यासही तेच वर्ष येते. १२६० वर्षे त्यांनी इ.स. ५३८ ते १७९८ अशी धरली. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम घेतले आणि पोप सहावे पायस यांना कैद केले, ही घटना तेव्हाच्या वाचकांच्या ताज्या स्मरणात होती. प्रकटीकरणातील ६६६ ही संख्या मात्र मिलर यांनी कोणा व्यक्तीच्या नावाशी जोडली नाही. मूर्तिपूजक रोमच्या सत्तेची वर्षे, इ.स.पू. १५८ ते इ.स. ५०८, असा तिचा अर्थ त्यांनी केला. आज ६६६ म्हटले की एखाद्या खलपुरुषाचे नाव शोधण्याची जी सवय दिसते, तिच्याशी मिलर यांचा संबंध नाही.

अनेक वाटा एकाच वर्षी मिळतात, हे मिलर यांना सर्वांत मोठे प्रमाण वाटे. वास्तविक ५०८ किंवा ६७७ ही वर्षे इतिहासातून निर्विवादपणे मिळत नाहीत. शेवट जुळवता येईल अशा आरंभाची निवड त्यात आहे, आणि त्यांच्या युक्तिवादाचा दुबळा भाग तोच होय. बहुतेक आधुनिक बायबल-अभ्यासक दानीएल ८ मधील मजकूर सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले त्या प्रसंगाशी जोडतात. काही जण २३०० संध्याकाळ-सकाळी म्हणजे ११५० दिवस असे मानतात. मिलर यांना अँटिओकसची ही उपपत्ती ठाऊक होती आणि त्यांनी ती नाकारली होती.

गणितात आणखी एक चूक राहून गेली. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळे इ.स.पू. ४५७ पासून पूर्ण २३०० वर्षे १८४३ मध्ये नव्हे, तर १८४४ मध्ये भरतात. ही दुरुस्ती पुढे निर्णायक ठरली.

प्रचारकार्य
निष्कर्ष हाती आल्यावरही मिलर तेरा वर्षे जाहीरपणे बोलले नाहीत. आपण चुकत असू तर लोकांची दिशाभूल होईल, ही भीती त्यांना होती. ऑगस्ट १८३१ मध्ये कोणी बोलावले तर जाईन, असे त्यांनी मनाशी ठरवले. थोड्याच वेळात त्यांचा भाचा ड्रेसडेन गावाहून आमंत्रण घेऊन दाराशी आला. मिलर स्वतःवरच चिडून घराजवळच्या मेपल वृक्षांच्या राईत निघून गेले, आणि तेथून परतले ते जाण्याचे कबूल करूनच. इ.स. १८३२ पासून व्हरमाँटमधील एका बाप्टिस्ट वृत्तपत्रात त्यांचे लेख आले. इ.स. १८३३ मध्ये त्यांना उपदेशाचा परवाना मिळाला आणि इ.स. १८३६ मध्ये त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले.

चळवळ देशभर पसरली ती बॉस्टनचे धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स यांच्यामुळे. इ.स. १८४० मध्ये हाइम्स यांनी 'साइन्स ऑफ द टाइम्स' हे नियतकालिक काढले. पुढे न्यू यॉर्कहून 'द मिडनाइट क्राय' सुरू झाले. मोठे तंबू, छावणी-सभा आणि संख्या व श्वापदांची चित्रे असलेले तक्ते यांनी ही शिकवण गावोगाव नेली. अनुयायांची संख्या पन्नास हजार ते एक लाख असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

इ.स. १८४४
मिलर स्वतः नेहमी 'सुमारे १८४३' एवढेच म्हणत. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ हा ज्यू वर्षाचा कालावधी सांगितला. तो उलटल्यावर मे १८४४ मध्ये त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. पुनरागमन जवळ आले आहे, ही श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर येथील छावणी-सभेत सॅम्युएल स्नो यांनी नवी मांडणी केली. पवित्रस्थानाची शुद्धी ज्यू परंपरेत सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी होते. कराई ज्यूंच्या कालगणनेनुसार त्या वर्षी हा दिवस २२ ऑक्टोबरला येत होता. शून्य वर्षाची दुरुस्तीही यात बसत होती. सामान्य अनुयायांनी ही तारीख झपाट्याने उचलली, नेते मात्र मागे राहिले. मिलर यांनी तिला संमती दिली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे जेमतेम पंधरवडा आधी.

काही शेतकऱ्यांनी पिके शेतातच ठेवली, काहींनी दुकाने बंद केली, कित्येकांनी जुनी कर्जे फेडून टाकली. २३ ऑक्टोबरची सकाळ उजाडली तेव्हा उपहासाबरोबर काही ठिकाणी सभागृहांची मोडतोडही झाली.

उत्तरायुष्य
जानेवारी १८४५ मध्ये लो हॅम्पटनच्या बाप्टिस्ट मंडळीने मिलर यांना काढून टाकले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस ऑल्बनी येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी नव्या तारखा ठरवण्याच्या व टोकाच्या मतांच्या विरोधात भूमिका घेतली. ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी गणित चुकल्याचे मान्य केले. तथापि वचनांचा अर्थ लावण्याची आपली रीत चुकली, असे त्यांना अखेरपर्यंत वाटले नाही. इ.स. १८४८ मध्ये त्यांनी घराजवळ एक लहान प्रार्थनागृह बांधले. शेवटच्या काळात त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. लो हॅम्पटन येथेच त्यांचे निधन झाले.

गैरसमज
अनुयायी पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर बसले होते, ही कथा १८४३-४४ च्या वृत्तपत्रांतील थट्टेतून आली. इ.स. १९२४ मध्ये क्लारा एंडिकॉट सिअर्स यांच्या पुस्तकाने तिला नवे आयुष्य दिले. फ्रान्सिस निकोल यांनी इ.स. १९४४ मध्ये साधनांची छाननी करून तिला विश्वसनीय आधार नसल्याचे दाखवले. निकोल स्वतः ॲडव्हेंटिस्ट होते, हे लक्षात घेऊनही त्यांचे हे मत सामान्यतः स्वीकारले गेले आहे.

मिलर हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे संस्थापक होते, असेही लिहिले जाते. हा पंथ इ.स. १८६३ मध्ये, मिलर यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, संघटित झाला. २२ ऑक्टोबरची तारीख बरोबर होती, पण शुद्धी पृथ्वीची नसून स्वर्गातील पवित्रस्थानाची होती, असा त्याच्या प्रवर्तकांचा अर्थ होता. मिलर यांनी तो स्वीकारला नाही, शनिवारचा शब्बाथही पाळला नाही. पुण्यातील स्पायसर ही ॲडव्हेंटिस्टांची शिक्षणसंस्था महाराष्ट्रात परिचित आहे. तिचा मिलर यांच्याशी असलेला संबंध याच अप्रत्यक्ष वाटेने येतो.

मिलर यांनी श्रद्धाळूंच्या पैशावर संपत्ती जमवली, हा आरोपही त्या काळी झाला. प्रत्यक्षात ते बहुतांश प्रवास स्वखर्चाने करत आणि त्यांचे घर अखेरपर्यंत शेतीवरच चालले. बहाई धर्मीयांनी पुढे २३०० वर्षांची समाप्ती बाब यांच्या मे १८४४ मधील घोषणेशी जोडली. त्या घोषणेच्या वेळी मिलर अमेरिकेत आपल्या पहिल्या मुदतीची चूक कबूल करत होते.