मेंढे भाड्याने देणारा शेतकरी : रॉबर्ट बेकवेल

मेंढपाळ बंधूंनो, शंभर मेंढ्यांच्या कळपात पैदाशीचे मेंढे असतात तीन-चार. मेंढी वर्षाला एखाद-दुसरं कोकरू देते, पण एकाच मेंढ्याची पंचवीस-तीस कोकरं त्याच वर्षी कळपात उभी राहतात. म्हणजे मेंढा चुकला की सगळा कळप चुकला. ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका शेतकऱ्याने जगाला दाखवून दिली. त्याचं नाव रॉबर्ट बेकवेल.

बेकवेलचा जन्म १७२५ सालचा, लेस्टरशायर परगण्यातल्या डिश्ले गावचा. जमीन स्वतःची नव्हे, खंडाची. सुमारे ४४० एकर. तरुणपणी तो ठिकठिकाणची शेती आणि जनावरं बघत हिंडला. १७६० साली वडील वारले आणि सगळा कारभार त्याच्या हाती आला.

त्या काळी नर आणि माद्या एकत्रच चरायच्या. कोणतं कोकरू कोणत्या मेंढ्याचं, याचा पत्ता नसायचा. बेकवेलने पहिलं काम केलं ते नर वेगळे बांधण्याचं. मनाजोगता मेंढा, मनाजोगती मेंढी, आणि तो ठरवील तेव्हाच फळवणं. चांगले गुण पक्के व्हावेत म्हणून जवळच्या नात्यातल्या जनावरांचीही त्याने जोडी लावली. लोकांनी नावं ठेवली, पण तो मागे हटला नाही. जुन्या जनावरांचे सांगाडे आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेले मांसाचे तुकडे तो घरात ठेवी आणि पुढची पिढी सुधारली का, हे ताडून बघे.

यातूनच न्यू लेस्टर ही मेंढीची जात तयार झाली. ती लवकर वाढे आणि लवकर बाजारात जाई. आपले निवडक मेंढे मात्र तो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. यात दुहेरी फायदा होता. भाडं तर मिळेच, शिवाय मेंढ्याची कोकरं दुसऱ्याच्या रानात कशी निघतात हे बघता येई. ज्याची संतती सरस निघाली, तो मेंढा परत आपल्या कळपात. सुरुवातीला एका मेंढ्यामागे एक पौंडसुद्धा भाडं येत नव्हतं. १७८९ साली मात्र फक्त तीन मेंढ्यांचे १२०० गिनी आले. गिनी म्हणजे पौंडाहून थोडं मोठं नाणं. मधल्या काळात, १७७६ साली, त्याचं दिवाळंही निघालं होतं. त्यातून तो पुन्हा उभा राहिला आणि १७९५ साली सत्तराव्या वर्षी वारला.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. खाटकाला विकायच्या मेंढ्या तो आधी पाणी सोडलेल्या कुरणात चारायचा. अशा ओल्या रानात चरलेल्या मेंढीला काळजाचा रोग लागतो हे त्याला ठाऊक होतं. रोग लागला की ती मेंढी पैदाशीला कुणाच्या कामाची राहत नसे आणि त्याचं बियाणं बाहेर जात नसे. हा रोग म्हणजे आपल्याकडेही दिसणारे काळजातले चपटे जंत, लिव्हर फ्लूक. गोगलगायीतून ते गवतावर येतात, हे मात्र त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १८८० च्या दशकात उलगडलं.

विचार करण्यासारखी गोष्ट इथेच आहे. बेकवेलला रोग माहीत होता, पण त्याने तो कुलपासारखा वापरला. निवड केली ती मांसाची, चरबीची आणि लवकर वाढीची. ते सगळं त्याला मिळालं. पण पुढे जादा चरबीचं मांस लोकांना नकोसं झालं, आणि या मेंढ्या कोकरंही कमी देत. जे निवडलं ते आलं, जे निवडलं नाही ते मागे पडलं.

त्याचंच हत्यार पुढच्या लोकांनी रोगावर चालवलं. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकापासून लेंडीतली जंतांची अंडी मोजून, कमी अंडी निघणारे मेंढे पैदाशीला ठेवण्याचे प्रयोग झाले. पिढ्यान्‌पिढ्या कोकरांत जंत कमी होत गेले. स्क्रेपी या मेंदूच्या रोगासाठी ब्रिटनने २००१ साली मेंढ्यांची रक्ततपासणी सुरू केली आणि रोगाला लवकर बळी पडणाऱ्या वंशाचे मेंढे पैदाशीतून बाजूला काढले.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली छोटी गरोळ मेंढी आणून तिचा दख्खनीशी संकर केला. मुख्य हेतू जुळ्या कोकरांचा. पण दलदलीत वाढलेली ही गरोळ पोटातल्या जंतांना चांगली टक्कर देते, हेही तिथल्या अभ्यासात दिसलं. दिसायला लहान म्हणून कुणी तिच्याकडे बघितलंही नसतं!

तेव्हा मेंढा निवडताना नुसती उंची आणि डौल बघू नका. त्याच्या कोकरांकडे बघा. पावसाळ्यात कुणाच्या जबड्याखाली सूज येते, कुणाच्या डोळ्यांची आतली कड पांढरी पडते, कुणाला वारंवार औषध पाजावं लागतं, याची वहीत नोंद ठेवा. औषध पाजण्याआधी लेंडी तपासून घ्या. सरसकट औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. मेंढा स्वतःच्याच लेकींवर जाऊ देऊ नका. बेकवेलने ते केलं, पण वाईट निघालेली जनावरं काढून टाकण्याची त्याची तयारी होती. आणि मेंढा कितीही काटक असला तरी आंत्रविषार, पीपीआरची लस चुकवू नका. सरपंच-ग्रामसेवकांनी मनावर घेतलं तर चार कळपांत मिळून एक चांगला मेंढा फिरवता येईल. फक्त तो दुसऱ्या कळपात सोडण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

खाण तशी माती, असं आपण म्हणतो. कळपाची खाण म्हणजे मेंढा. ती कोणती ठेवायची, हे आपल्या हातात आहे.