विश्लेषण : वायफाय आतल्या खोलीत का रखडते? १९४८ मध्येच उत्तर देऊन ठेवणारे क्लॉड शॅनन कोण होते?

हॉलमध्ये व्हिडीओ सुरळीत चालतो आणि आतल्या खोलीत गेले की पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग कुणी जास्त अँटेनांचा राउटर आणतो, कुणी एक्स्टेंडर विकत घेतो, कुणी आणखी महाग प्लॅन घेतो. यातले काय उपयोगी पडेल आणि कशावर पैसे वाया जातील, हे ठरवणारे गणित अमेरिकी गणितज्ञ आणि अभियंते क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडले. त्या वेळी घरोघरी मोडेम नव्हते आणि वायफाय हा शब्दही नव्हता.

क्लॉड शॅनन यांचे बालपण कसे गेले?

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात पेटॉस्की येथे झाला. वाढले ते गेलॉर्ड या लहानशा गावात. वडील व्यावसायिक होते आणि न्यायाधीशही. आई भाषा शिकवत आणि गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलाला मात्र यंत्रे उघडून पाहण्याचा नाद होता. त्यांनी लहानपणी शेताच्या कुंपणाची काटेरी तार वापरून सुमारे ८०० मीटरवरच्या मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र उभे केले. शाळकरी वयात वेस्टर्न युनियन या तार कंपनीचे निरोप पोहोचवण्याचे कामही केले. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना काय होते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात इतक्या लवकर आला.

१९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. या दोन्ही विषयांची सांगड हीच पुढे त्यांची ताकद ठरली.

२१ व्या वर्षीच्या प्रबंधाचे महत्त्व काय?

पदवीनंतर ते एमआयटीमध्ये दाखल झाले. तिथे व्हॅनेव्हर बुश यांचे अवाढव्य गणकयंत्र चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या यंत्राचे नियंत्रण रिलेंवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचवर चाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही असेच रिले असत. एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञ जॉर्ज बूल यांचे खरे-खोटे या दोनच किमतींचे बीजगणित या स्विचना जसेच्या तसे लागू पडते, हे शॅनन यांच्या लक्षात आले. १९३७ मध्ये पदव्युत्तर प्रबंधात त्यांनी ते सिद्ध केले. तोवर कारागिराच्या अंदाजाने होणारी सर्किटची मांडणी यामुळे गणिताने करता येऊ लागली. आज राउटरमधली चिप ज्या शून्य आणि एकच्या तर्कावर चालते, त्याचा पाया हा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ते बेल लॅब्जमध्ये होते. तिथे त्यांनी विमानविरोधी तोफांच्या नियंत्रणावर आणि गुप्तलेखनावर काम केले. १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटनचे ॲलन ट्युरिंग तिथे आले, तेव्हा चहाच्या वेळी दोघांच्या गप्पा होत. आपापल्या गोपनीय कामाबद्दल बोलण्याची मुभा दोघांनाही नव्हती. त्यामुळे विषय असे तो यंत्रे विचार करू शकतील का, हा.

१९४८ पूर्वी अडचण नेमकी काय होती?

लांबच्या तारेवर संदेश पुसट होतो आणि त्यात गोंगाट मिसळतो, हे अभियंत्यांना शतकभर माहीत होते. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे जोर वाढवणे. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेवर हाच प्रयोग झाला. संदेश नीट मिळेनात म्हणून अतिशय जास्त दाबाची वीज सोडली गेली आणि काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली. दुसरा उपाय म्हणजे सावकाश बोलणे किंवा तेच पुन्हा पुन्हा सांगणे. चुका कमी करायच्या तर वेगावर पाणी सोडावेच लागणार, असे सगळे धरून चालले होते.

शॅनन यांनी हे गृहीतकच मोडले. जुलै आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये बेल लॅब्जच्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मजकूर, आवाज, चित्र काहीही असो, माहिती बिटमध्ये मोजता येते, असे त्यांनी दाखवले. बिट हा शब्द सुचवण्याचे श्रेय त्यांनी सहकारी जॉन टुकी यांना दिले. प्रत्येक मार्गाला वेगाची एक कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत राहिले, तर योग्य सांकेतिक रचना वापरून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडली, तर कितीही हुशारी केली तरी चुका टळत नाहीत.

ही मर्यादा कशावर ठरते?

दोनच गोष्टींवर. एक, लहरींच्या पट्ट्याची रुंदी, म्हणजे बँडविड्थ. दुसरी, सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे हे गुणोत्तर.

समजा वायफायचा पट्टा २० मेगाहर्ट्झ रुंद आहे. राउटरजवळ सिग्नल गोंगाटाच्या १००० पट असेल, तर एका प्रवाहाची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट येते. भिंती ओलांडून सिग्नल १० पटच उरला, तर ती सुमारे ६९ वर येते. सिग्नल गोंगाटाइतकाच उरला, तर अवघी २०.

आता उपाय तपासू. राउटरजवळ सिग्नलची शक्ती दुप्पट केली, तर २०० चे फक्त २१९ होतात. शक्ती तेवढीच ठेवून पट्टा दुप्पट केला, तर सुमारे ३६० होतात. दूरच्या खोलीत, जिथे सिग्नल आणि गोंगाट सारखाच आहे, तिथे मात्र पट्टा दुप्पट करूनही २० चे जेमतेम २३ होतात. कारण रुंद पट्ट्यातून गोंगाटही जास्त आत येतो. थोडक्यात, जवळ असाल तर रुंद पट्टा कामाचा. दूर असाल तर सिग्नलचा स्रोतच जवळ आणावा लागतो.

डायल-अप मोडेम ५६ च्या पुढे का गेला नाही?

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा घरच्या फोनलाच मोडेम जोडावा लागे. मोडेम संगणकाच्या शून्य-एकचे आवाजात रूपांतर करतो आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करतो. फोनची वाहिनी माणसाच्या बोलण्यापुरती, सुमारे ३१०० हर्ट्झ रुंद होती. चांगल्या लाइनवर सिग्नल गोंगाटाच्या १००० पट धरला, तर शॅनन यांच्या सूत्राने मर्यादा सेकंदाला सुमारे ३१ किलोबिट येते. प्रत्यक्षातले मोडेमही ३३.६ किलोबिटच्या आसपासच अडले.

५६ किलोबिटच्या मोडेमने हा नियम मोडला नाही. एक्स्चेंजकडची बाजू डिजिटल झाल्याने तिकडून येणाऱ्या माहितीतला गोंगाट कमी झाला आणि मर्यादाच वर सरकली. नंतरच्या डीएसएल मोडेमने त्याच तांब्याच्या तारेवर बोलण्याच्या पट्ट्यापलीकडचा रुंद पट्टा वापरला. आजच्या फायबरमध्ये पट्टा प्रचंड रुंद आहे. म्हणूनच आता अडचण बहुतेकदा कंपनीच्या तारेत नसते, ती घरातल्या भिंतीत असते.

मधल्या टप्प्यांवर गोंगाट कसा रोखला?

जुन्या दूरध्वनी मार्गांवर ठरावीक अंतरावर सिग्नल वाढवणारी यंत्रे असत. सिग्नलबरोबर ती गोंगाटही वाढवत, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात भर पडे. डिजिटल पद्धतीत मधले यंत्र शून्य आहे की एक, एवढेच ओळखते आणि कोरा करकरीत सिग्नल पुढे पाठवते. या पद्धतीचे फायदे मांडणारा एक निबंध शॅनन यांनी १९४८ मध्येच दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिला. आजचा वायफाय एक्स्टेंडरही हेच करतो. अट एकच : त्याच्यापर्यंत येणारा सिग्नल ओळखण्याइतका स्वच्छ हवा.

संदेशाने वाट कशी शोधावी, याचाही एक गमतीदार नमुना त्यांनी १९५० मध्ये बनवला. थिसियस नावाचा लाकडी उंदीर २५ चौकोनांच्या चक्रव्यूहात फिरे. त्याचा मेंदू होता फळीखालचे टेलिफोनचे रिले. पहिल्या फेरीत तो धडपडत वाट शोधे, दुसऱ्या फेरीत सरळ मुक्कामी पोहोचे. भिंती बदलल्या, तर पुन्हा नव्याने शिके. हे यंत्र उभारताना त्यांच्या गणितज्ञ पत्नी बेटी यांची मदत होती.

घर किंवा दुकानात हे गणित कसे वापरावे?

१. आधी तपासणी करा. कंपनीने दिलेल्या खोक्याला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. तिथेच कमी असेल, तर तक्रार कंपनीकडे. तिथे पूर्ण असेल, तर दोष वायफायचा आहे. महाग प्लॅनने तो जाणार नाही.

२. खोका घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळा ठेवा. लोखंडी कपाट, टीव्हीची मागची बाजू आणि माळ्यावरचा कोपरा टाळा.

३. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपार जास्त पोहोचतो, पण त्यात शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. राउटर आहे त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा.

४. एक्स्टेंडर सिग्नल नसलेल्या खोलीत लावू नका. सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावा. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा स्वस्त एक्स्टेंडर वेग साधारण निम्मा करतो. शक्य असेल तर आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरे उपकरण लावा. हा सर्वांत खात्रीचा उपाय.

५. दुसरा राउटर जोडताना तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा. ती सोय नसेल, तर त्याचा स्वतःचा पत्ता बदला, डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्येच लावा. नाहीतर दोन्ही राउटर आपापली जाळी बनवतात आणि दुकानातल्या संगणकाला बिलाचा प्रिंटर सापडत नाही.

६. सगळे काम स्वतःच्याच राउटरकडे द्यायचे असेल, तर कंपनीचा खोका ब्रिज मोडमध्ये टाकावा लागतो. त्याआधी जोडणीचे युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग कंपनीकडून लिहून घ्या. खोक्याच्या सेटिंगचा पत्ता त्यावरच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर मूळचा पासवर्ड लगेच बदला.

शॅनन यांना हे सारे पाहता आले का?

मर्यादा किती, हे शॅनन यांनी सांगितले होते. तिथवर पोहोचवणारी सांकेतिक रचना कशी बांधायची, हे काम पुढच्यांवर सोपवले गेले. १९६० मध्ये एमआयटीतच रॉबर्ट गॅलेजर यांनी प्रबंधात अशी एक रचना मांडली. तेव्हाच्या यंत्रांना ती पेलली नाही आणि ती जवळपास विस्मरणात गेली. १९९० च्या दशकात ती पुन्हा पुढे आली. आज नव्या वायफायमध्ये आणि ५जी मध्ये तीच वापरली जाते.

शॅनन १९५८ पासून एमआयटीत प्राध्यापक होते. प्रसिद्धीचा त्यांना कंटाळा होता. आपल्या सिद्धांताचा हव्या त्या विषयात सरसकट वापर होऊ लागला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनीच सावधगिरीचा इशारा दिला. एकचाकी सायकल चालवत चेंडू झेलणे आणि घरच्या कार्यशाळेत विचित्र यंत्रे बनवणे यात ते रमत. १९८५ मध्ये त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

तोवर स्मृती दगा देऊ लागली होती. अल्झायमरमुळे शेवटची काही वर्षे त्यांना शुश्रूषागृहात काढावी लागली. वायफायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले, तेव्हा आपल्या सूत्रातून घरोघरी काय उभे राहते आहे, हे समजून घेण्याची त्यांची शक्ती संपली होती. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वायफायच्या अनेक पिढ्या आल्या. त्यांनी आखलेली मर्यादा अजून एकालाही ओलांडता आलेली नाही.