विश्लेषण : मुलीच्या पोलिओतून उभे राहिले रुग्णालय; फातेमा इस्माईल कोण होत्या?

वारजे-कर्वेनगरमधल्या आजच्या आईबाबांसाठी पोलिओ म्हणजे रविवारी बूथवर जाऊन पाजायचे दोन थेंब. ऐंशी वर्षांपूर्वी तसे नव्हते. मुलाला ताप यायचा, उतरायचा आणि नंतर लक्षात यायचे की पाय उचलत नाही. लस नव्हती, ती १९५५ मध्ये आली.

मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या तीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हेच घडले.

त्या कोण होत्या?

जन्म १९०३ चा, सोबानी कुटुंबातला. गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. १९२१ मध्ये गांधीजींनी परळला विदेशी कापडाची होळी केली, ती याच सोबानींच्या आवारात.

मुलीचे पुढे काय झाले?

फातेमाबाई तिला घेऊन मद्रासला अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. तिथे आठ महिने उपचार झाले. पुढचा व्यायामोपचार पुण्यातील पुनर्वसन केंद्रात झाला. युद्धामुळे तेव्हा पुण्यात अशा कामाची जाण होती. जखमी जवानांसाठी कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ मध्येच सुरू झाले होते. मुलगी सुधारली.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेल्या स्नायूंना रोज, महिनोन्‌महिने व्यायाम दिला तर बरेच साधते. शस्त्रक्रिया तासाभराची असते, हे काम मात्र वर्षाचे. मद्रास आणि पुणे अशी वणवण किती घरांना परवडणार? फातेमाबाईंना परवडली. इतरांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि त्यांचे मोठेपण मला तरी इथेच दिसते.

रुग्णालय कसे उभे राहिले?

त्यांनी मदतीसाठी अनेकांचे उंबरठे झिजवले. अखेर प्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा दिली आणि १९४७ मध्ये तिथे पोलिओग्रस्त मुलांचा दवाखाना सुरू झाला. त्याच वर्षी संस्था स्थापन झाली : सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन, म्हणजेच एसआरसीसी. नावातला तो शब्द आज कानाला खटकतो. आपणही पंगूवरून अपंग आणि अपंगवरून दिव्यांग असा प्रवास केला आहेच. पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरुग्णालय झाले. १९५५ मध्ये केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही हाजीअलीलाच आली.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेत होत्या. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. हाजीअलीची जागा आजही मुलांच्या रुग्णालयाचीच आहे.