बाबासाहेबांनी विद्यापीठ बदलले तेव्हा

पावसाळा सुरू झाला की यवतमाळच्या बसस्थानकावर मोठ्या बॅगा आणि गाद्यांच्या वळकट्या दिसू लागतात. कुणी नागपूरला निघालेले असते, कुणी पुण्याला. त्यांतली काही मुले पहिल्यांदा घर सोडतात, तर काही अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात वर्ष-दोन वर्षे काढून मध्येच दुसरीकडे जायला निघतात. या दुसऱ्या गटाची घालमेल जास्त असते. इथे राहिलो तर मागे पडू ही धास्ती, आणि गेलो तर केलेले वाया जाईल ही दुसरी. झोप उडते, पोट बिघडते, घरात कुरबुरी सुरू होतात. अशा घरांच्या भिंतीवर बहुतेकदा ज्यांची तसबीर असते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही विद्यापीठ बदलले होते. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना काय घडले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायचा करार होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तेव्हा त्यांचे वय बावीस होते.

पहिल्या वसतिगृहातले, हार्टले हॉलमधले जेवण त्यांना जाईना. काही दिवसांतच त्यांनी जागा बदलली. पुढे पुन्हा बदलली आणि लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने राहू लागले. अभ्यासाची घडीही लगेच बसली नाही. सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळी आणि खेळ यांतच गेल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे वाचून मला बरे वाटते. नव्या जागी मन आणि शरीर स्थिरावायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. झोपेची वेळ, जेवणाची चव, ओळखीचा चेहरा हे सगळे एकदम हरवलेले असते. या काळात अभ्यास न होणे म्हणजे आपली निवड चुकली असे नव्हे. भथेनांशी झालेली मैत्री मात्र जन्मभर टिकली, आणि पुढे तिचा मोठा उपयोग झाला.

घडी बसल्यावर त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहासाचे ११. १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढच्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला. पण प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पदवी मिळत नसे आणि छपाईला पैसा नव्हता. तिकडे शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली, आणि त्यांना लंडनला जाऊन अर्थशास्त्राची पुढची पदवी आणि बॅरिस्टरी दोन्ही करायचे होते. कोलंबियाचे काम अर्धवट म्हणावे असे राहिलेले असताना त्यांनी समुद्र ओलांडायचे ठरवले, तेही पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत.

निर्णय धाडसाचा होता, पण त्यामागची तयारी अगदी कारकुनी होती. बडोदा दरबाराकडून मुदतवाढ मिळवली. कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांचे ओळखपत्र लंडनच्या प्राध्यापकांसाठी बरोबर घेतले. १९१६ च्या शरद ऋतूत ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ आणि ‘ग्रेज इन’ या दोन्ही ठिकाणी नाव नोंदवले गेले.

आणि वर्षही धड झाले नाही तोच शिष्यवृत्ती संपली, परत बोलावणे आले. इथे त्यांनी जे केले ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. संतापून किंवा खचून ते तसेच निघून गेले नाहीत. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाची लेखी परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे सुरू करता येईल, अशी ती परवानगी होती. आज आपल्याकडे ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही सोय आहे. मिळवलेली श्रेयांके तिच्यात साधारण सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. १९१७ मध्ये असे काही नव्हते. होते ते एक पत्र आणि त्यावरची तारीख.

परतीचा प्रवास वाईट झाला. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातल्या पुस्तकांसकट, पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. बडोद्यात परदेशी शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून कुणी राहायला घर देईना. एका पारशी खाणावळीत त्यांनी आसरा घेतला, पण काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून घर चालवून काटकसरीने पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० च्या जुलैत ते पुन्हा बोटीवर चढले. सप्टेंबरअखेर त्यांनी लंडनमध्ये पुन्हा नाव नोंदवले तेव्हा चारांपैकी जवळजवळ तीन वर्षे उलटून गेली होती.

या दुसऱ्या खेपेच्या गोष्टी जयंतीच्या भाषणांत हमखास येतात. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सर्वांत आधी जाणे आणि सर्वांत शेवटी निघणे, सकाळी पावाचा तुकडा, दुपारी जवळजवळ काही नाही, आणि रात्री भुकेने पोटात कालवाकालव झाली की भाजलेले चार पापड नि कपभर दूध. गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगताना उपाशी राहणे हीच जणू यशाची गुरुकिल्ली होती असा सूर लागतो, तो मला पटत नाही. शरीर विश्रांतीत असतानाही त्याच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. दिवसा वाचलेले पक्के बसते ते रात्रीच्या झोपेत. बाबासाहेबांनी जे केले ते भुकेमुळे नव्हे, भूक असूनही केले. पैसे असते तर ते जेवले असते. पुण्यातल्या खोलीत मेसचे पैसे वाचवून वडापाववर राहणाऱ्या आर्णीच्या किंवा दारव्ह्याच्या पोराला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

आणि उपाशी एकटे तेच नव्हते. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. या दांपत्याची चार मुले लहानपणीच गेली. १९३५ मध्ये दीर्घ आजारानंतर रमाबाईही गेल्या.

१९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, पुढे बॅरिस्टर. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले, पण ते पुरे झाले नाही. ‘रुपयाचा प्रश्न’ हा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत पाठवला. हातातले पैसे तोवर संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथेच बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि लंडनला पाठवला. वर्ष संपण्याआधी तो मान्य झाला.

कोलंबियाचे काय झाले? मागे ठेवलेले ते काम त्यांनी विसरू दिले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये छापून निघाले आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली १९२७ मध्ये. न्यूयॉर्क सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

पुढे त्यांना मधुमेहाने गाठले, सांधेदुखीने रात्री जागवल्या. तरुणपणीच्या हालांशी त्याचा थेट संबंध जोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण शेवटच्या दहाएक वर्षांत आजारपण त्यांच्या सोबतच होते. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती घ्यायला ते दुखरे शरीर घेऊन पुन्हा न्यूयॉर्कला गेले.