ग्रियर्सन आणि बोलींचे नामकरण

जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ झाला. ट्रिनिटी कॉलेजात गणिताबरोबर संस्कृतचे अध्ययन करून १८७३ साली ते सनदी नोकर म्हणून बंगाल प्रांतात आले. पुढे बिहारमध्ये काम करताना कचेरीतील हिंदुस्थानी आणि रयतेची बोली यांतील अंतर त्यांच्या प्रत्ययास आले. शेतीची अवजारे, भांडीकुंडी, चालीरीती यांची तेथील नावे त्यांनी १८८५ च्या आपल्या ग्रंथात संकलित केली. मैथिली, मगही आणि भोजपुरी यांची व्याकरणे १८८३ ते १८८७ या काळात लिहिताना त्यांनी या तिघींना 'बिहारी' हे एकच नाव दिले. ते प्रदेशावरून घेतलेले होते. भाषकांच्या व्यवहारातून आलेले नव्हते.

१८९८ साली भारतीय भाषांच्या पाहणीची सूत्रे त्यांच्याकडे आली. जिल्ह्याजिल्ह्यांतून उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे, स्थानिक कथनांचे नमुने आणि शब्दयाद्या मागविण्यात आल्या. या कामात नावांचाच प्रश्न बिकट ठरला. अनेकांच्या लेखी आपली बोली ही केवळ बोली होती. तिला नाव असे ते शेजाऱ्यांनी दिलेले, क्वचित हिणवणारेही. वर्गीकरणाला मात्र नाव अपरिहार्य होते.

स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेला मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणीची गणना मराठीची बोली म्हणून झाली. खानदेशी मात्र १९०७ च्या भागात भिल्ली बोलींसमवेत गेली. मराठवाडा ज्यात मोडत होता ते हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिले. १९२८ मध्ये अकरा खंडांचे हे कार्य पूर्ण झाले, तेव्हा १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या होत्या. ९ मार्च १९४१ रोजी इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे ग्रियर्सन यांचे निधन झाले.

त्यांनी आखलेल्या सीमा अभ्यासकांना दीर्घकाळ प्रमाण वाटल्या. भाषकांनी मात्र त्या जशाच्या तशा मानल्या नाहीत. १९९२ मध्ये कोकणी आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने मैथिली आठव्या अनुसूचीत स्वतःच्या नावाने दाखल झाली. 'बिहारी' हे नाव तेथे नाही. बोलीचे व्याकरण अभ्यासकाला लिहिता येते, तिचे नाव ठरविण्याचा अधिकार मात्र अखेर बोलणाऱ्यांकडेच राहतो, हे ग्रियर्सन यांच्या कार्याचा उत्तरकाळ दाखवून देतो.